श्रीखंडाचे नऊ डबे

रंगपंचमीचा गुलाबी डाग अजून ओट्यावर आहे
आणि सकाळचं पाणी पंचावन्न मिनिटांवर आलंय.
कुमुद व्हरांड्यात, नव्या गुडघ्यासह,
खुर्चीतूनच बाग चालवते:
"बुंध्याशी नको हो, वीतभर लांब.
झाड तोंडाने नाही पीत, बोटांनी पितं."
मी नळी सरकवतो.

नळी निफाडच्या मेव्हण्याची,
द्राक्षाच्या प्लॉटमधून निघालेली, तीन हंगाम जुनी,
आतून क्षारांनी पांढरी,
बाहेरून खारींनी कुरतडलेली.
एकेक ड्रिपर टाचणीने टोचायचा, तोंडाने फुंकायचा,
शिटी वाजली की चालू.
चव चुन्याची, थोडी गंधकाची.
"काय काय घालता तोंडात!" व्हरांड्यातून.

जास्वंदीला दोन, लिंबाला चार,
कढीपत्त्याला एक, तो कसाही जगतो.
मोगऱ्याला तीन. इथे वाद झाला.
मी दोन म्हणत होतो.
आळ्यांत उसाची चिपाडं अंथरली,
पाथर्डी फाट्यावरचा रसवाला पोतंभर देतो,
फुकट, मुंग्यांसकट.

उरली हिरवळ.
हिरवळ हा माझा हट्ट.
अंबडच्या शेडमध्ये एकतीस वर्षं
कोब्यावर उभं राहिलेल्या माणसाला
अनवाणी चालायला काहीतरी हवं,
म्हणून पंधरा बाय वीस फूट.
तिला कधीच पटली नाही:
"खायला नाही, वासाला नाही, नुसती पिते."

तिचा पश्चिमेचा कोपरा दर एप्रिलला करपतो.
दर एप्रिलला मी तिथली माती उकरतो,
शेणखत घालतो, निंबोळी पेंड घालतो,
आणि मे महिन्यात जाहीर करतो,
इथली मातीच नालायक.

यंदा डबे मांडले.
श्रीखंडाचे, रिकामे, नऊ,
तीनाच्या तीन ओळी, दोरी लावून.
फवारा अर्धा तास फिरू दिला.
मग खिशातून व्हर्नियर काढला,
त्याची शेपटी प्रत्येक डब्यात बुडवली.
कुमुद हसली ती हसलीच,
गुडघा दुखेपर्यंत.

मधे अकरा मिलिमीटर.
फाटकाकडे नऊ, तुळशीकडे दहा.
पश्चिमेच्या डब्यात तळ ओला, बस,
आणि पाय भिजवून बसलेली एक मुंगी.

डबा हातात घेऊन मी बराच वेळ उकिडवा.
समोर पांडवलेण्यांच्या डोंगरावर ऊन चढत होतं.

खैरनार आठवला.
ब्याण्णव सालचा ॲप्रेंटिस, बारीक मनगटांचा.
त्याचे शाफ्ट मी आठवडाभर नापास केले.
"हातच नाही तुला," म्हणालो,
सगळी पाळी ऐकत असताना.
तो परत सटाण्याला गेला.
दिवाळीच्या साफसफाईत कळलं,
झिजला होता तो गेज.
मी नवा गेज मागवला.
तेवढंच केलं.

कुमुदला हे कधी सांगितलं नव्हतं.
आत्ता सांगितलं, तिच्याकडे पाठ करून,
नळीची गुंडाळी करता करता.
ती काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"फवारा अडीच फूट तिकडे सरकवा.
आणि मोगऱ्याचा एक काढलात तरी चालेल."

नळ गेला होता.
डब्यांतलं पाणी तेवढं शिल्लक,
तेच एकेक करून कोपऱ्यात ओतलं.
पाणी वरच थांबलं,
थेंबांवर धूळ चढली, गोळ्या होऊन घरंगळले.
फार सुकलेली माती
दिलं की लगेच घेत नाही.
"थांबा जरा," कुमुद म्हणाली.
थांबलोय.